वळणावर बसायची रीत

माझा नवरा अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर बसून वळणं घ्यायचा. गाडी बंद. मागचं चाक वेल्डिंगवाल्याकडून करवून आणलेल्या लोखंडी स्टँडवर चढवलेलं. तो वर बसून एकदा उजवीकडे लटकायचा, एकदा डावीकडे, आणि गाडी कलंडू नये म्हणून तिची शेपटी धरून मी मागे उभी. आत कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या. "धर नीट, हलून राहिली गाडी," तो म्हणायचा. मी धरायचे. तेव्हाच सोडून दिली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. कधीमधी नाही, रोज वाटतं.

गाडी रेसिंगची. पुढचा हँडल इतका खाली की चालवणाऱ्याची मान आपोआप कासवासारखी बाहेर येते. मागची सीट पोळपाटाएवढी, त्यात उंच आणि उतरती. गाडी घरी आली तेव्हा तिला साडीगार्ड होता, म्हणजे मागच्या चाकात बाईचा पदर अडकू नये म्हणून डाव्या अंगाला असते ती जाळी. मागच्या माणसाला धरायला कडीही होती. दोन्ही त्याने पहिल्याच आठवड्यात मेकॅनिककडून काढून घेतलं. का, तर लूक खराब होतो. मी विचारलं, मी धरू कशाला? म्हणाला, "मले धर ना." जणू काही वरदानच दिलं.

मी विणकर आहे. माहेरीही माग होता, सासरीही आहे. सासरे होते तोवर ते बसायचे. ते गेल्यावर नवऱ्याने मोहाडीचं कापडाचं दुकान धरलं आणि घरातला माग माझ्याकडे आला. आमचा माग खड्ड्यातला. जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर फळी टाकून बसायचं, पाय खाली सोडायचे आणि खालच्या पावड्या आळीपाळीने दाबायच्या. पावडी दाबली की ताण्याचे, म्हणजे मागावर चढवलेले उभे, धागे वरखाली फाकतात आणि त्या फटीतून धोटा पलीकडे जातो. बघणारे सगळे हाताकडे बघतात. हात कोणाचेही चालतात. विणतात ते पाय. डावा पाय कमी दाबला गेला तर फट कमी उघडते, धोटा अडतो, धागा तुटतो, आणि कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा तुटला की गाठ कितीही बारीक मारा, करवतीच्या दात्यांसारख्या काठात ती दिसतेच. आमच्या दुकानात गिऱ्हाईक ज्या साड्या मागायला यायचं त्या साड्या माझ्या पायांच्या होत्या. हे नवऱ्यालाही माहीत होतं. साड्या घरच्याच मागावरच्या, असं गिऱ्हाइकाला तो सांगायचाही, फक्त विणतं कोण ते न सांगता.

तर वळणं. तो मोबाइलवर परदेशातल्या रेसा बघायचा, आणि शिकवणारे लोकही बघायचा. मग अंगणात येऊन ते सगळं करायचा आणि मी त्याचा आरसा व्हायचे. "कोपर पाह्य माहा. ढिला हाय का टाईट?" टाईट असायचा. "सीटवर किती हाय मी?" अर्धा असायला पाहिजे, तो पाऊण असायचा. मागे उभं राहून राहून मला ते सगळं पाठ झालं. वळण उजवीकडे असेल तर उजवं ढुंगण सीटवरून खाली सरकवायचं, अर्धं वर, अर्धं हवेत. बाहेरच्या पायाची मांडी टाकीला घट्ट लावायची, सगळा भार तिथे. पावलाचा चवडा पाय ठेवायच्या दांडीवर, टाच नाही. हात नुसते ठेवायचे, हँडलला लोंबकळायचं नाही. छाती खाली, डोकं आतल्या अंगाला, आरशाच्या जवळपास. माणूस जितका आत झुकेल तितकी गाडी कमी कलते, आणि गाडी जितकी उभी तितकं चाक जमिनीला घट्ट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट नजर. आपण वळणातून जिथे बाहेर निघणार तिथे बघायचं. पुढच्या चाकाकडे नाही, गुडघ्याकडे नाही. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते.

ही शेवटची गोष्ट त्याला कधी जमली नाही. लटकायचा छान. गुडघा असा काढायचा की फोटो काढावा, आणि मी काढायचेही, कारण तो मोबाइल माझ्याच हातात द्यायचा. पण नजर फाटकाकडे. रस्त्याने कोणी चाललंय का, कोणी बघतंय का. मी म्हणायचे, "तुमी बाहीर पाहून राहिले." तो म्हणायचा, "तू गाडी धर." एकदा मी दोनदा म्हटलं तर स्टँडवरून उतरून आत गेला आणि जेवताना बोलला नाही. असल्या माणसाला शिकवणारा जगात जन्माला यायचा आहे.

मागे बसणाऱ्याचंही त्यानेच मला सांगितलं होतं. मागच्याने चालवणाऱ्याच्या सोबत झुकायचं, जास्त नाही, कमी नाही, आणि उलटं तर मुळीच नाही. टाकीला हात टेकवायचे, मांड्यांनी धरायचं. दोन माणसं नाहीत, एकच अंग आहे असं बसायचं. व्हिडिओतली बाई चामड्याच्या कपड्यात, दोन्हीकडे पाय टाकून बसलेली होती. मी साडीत होते. त्याला त्यात काही फरक दिसला नाही, आणि मीही त्या दिवशी काही बोलले नाही, कारण भाजी करपत होती.

आमच्याकडे सून नवऱ्याच्या मागे एका बाजूने बसते. गावातून जाताना, पाहुण्यांच्या दारात उतरताना, मोठ्या माणसांसमोर. सलवार घातली असली तरी. गावाबाहेर पडल्यावर कोणी बघत नसलं तर मी गाडी थांबवायला लावून पाय फिरवून घ्यायचे आणि पुढच्या गावाच्या आधी पुन्हा एका बाजूने. साध्या गाडीवर हे चालून जातं. साधी गाडी हळू जाते, सीट सपाट असते, धरायला कडी असते.

दिवाळी झाल्यावर आंबागड किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात नवऱ्याच्या मामेबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. सासूबाई शेजाऱ्यांच्या गाडीने पुढे निघणार होत्या. आम्हाला मोटरसायकलने मागून यायचं होतं. मी घालायला सलवार काढून ठेवली होती. सासूबाईंनी ती बघितली.

"साक्षगंधाले चालली तू, का शाळंत?" त्या म्हणाल्या. "पाव्हण्याइच्या दारात दोन्हीकडे पाय टाकून उतरशीन काय?"

मी म्हटलं, गाडीची सीट बघा आई, तिच्यावर एका बाजूने बसता येत नाही. त्या म्हणाल्या, आम्ही सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलो आहोत. मी साडी नेसले. माझीच विणलेली, कोशाची, नवी, कडक आणि घसरणारी.

नवऱ्याकडे वळले, कारण त्याला तरी समजायला हवं होतं. अंगणात उभं राहून ज्याने मला हे सगळं पाठ करवलं तो हाच माणूस. "आवो, एकीकडे पाय टाकून बसली तं मी झुकू कशी? तुमीच तं सांगता, मागच्यानं संग झुका लागते म्हून."

तो जॅकेट घालत होता. कोपरांत, खांद्यांत, पाठीत कडक पट्ट्या असलेलं जॅकेट. गुडघ्यांना प्लास्टिकच्या वाट्या. हातमोजे. घोट्यापर्यंत बूट. हेल्मेट, आणि हेल्मेटला बाजूला चिकटवलेला छोटा कॅमेरा. माझ्या पायात चपला होत्या. आंबाडा मोडू नये म्हणून मी हेल्मेट नको म्हणावं अशी सासूबाईंची इच्छा होती, ती मात्र मी मानली नाही. जुनं, ढिलं का होईना, घातलं.

"मी हावो ना," तो म्हणाला. "तू फक्त मले धरून बस."

तुमसरपर्यंत बरं होतं. रस्ता सरळ, वाहनं बरीच, त्याला काही करून दाखवता येत नव्हतं. मी डावीकडे पाय सोडून बसले होते, एक हात त्याच्या जॅकेटात अडकवलेला. जॅकेट इतकं गुळगुळीत की हात सुटायचा. गावाबाहेर मी म्हटलं, थांबा, पाय फिरवून घेते. तो म्हणाला, या साडीत? आणि उशीर झालाय. साडी कोणी नेसायला लावली, हे मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी हेल्मेटमधून त्याला ऐकू गेलं नसतं.

आंबागड यायच्या जरा अलीकडे रस्ता एका तलावाच्या पाळीवरून जातो. पाळ म्हणजे तलावाचा बांध. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि पाळ संपते तिथे रस्ता उजवीकडे चांगला मोठा वळतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डावीकडे, चहाची टपरी. टपरीसमोर माणसं बसलेली. आणि टपरीच्या पुढे रस्त्याच्या कडेने कोणीतरी धान वाळत घातलेले, भोवती गोटे मांडून. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्याच डांबरी रस्त्यांवर धान असतात, त्यात नवीन काही नाही. डोळे असलेल्या माणसाला ते लांबून पिवळे दिसतात.

त्याने टपरीवरची माणसं पाहिली. हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. पाठ ताठ झाली, मग खाली गेली, आणि तो अंगणात सरकायचा तसा उजवीकडे सरकला. गुडघा काढला.

आता मी कशी बसले होते ते समजून घ्या. माझं तोंड डावीकडे. उजवीकडे झुकायचं म्हणजे मला मागे, पाठीवर झुकायचं, आणि मागे काही नाही, नुसता रस्ता. जगातलं कुठलंही अंग तसं झुकत नाही. माझं अंग पुढे वाकलं, म्हणजे वळणाच्या बाहेर. तो आत लटकलेला, मी बाहेर लटकलेली, मध्ये गाडी बिचारी काय करणार, ती सरळच निघाली.

"झुक!" तो ओरडला. "झुक ना! इकडे झुक!"

कुठे झुकू? मी त्याचं जॅकेट धरलं, ते सुटलं. गाडी वळणाबाहेर सरकत सरकत गोट्यांवर चढली आणि धानावर आली. तिथे त्याने घाबरून ब्रेक मारला. धानावर ब्रेक मारला की काय होतं ते सांगायला शिकवणारे लोक लागत नाहीत. पुढचं चाक निघून गेलं आणि गाडी डाव्या अंगाला पडली. माझे दोन्ही पाय डाव्या अंगालाच होते.

तो घसरत गेला आणि उठून उभा राहिला. जॅकेटला ओरखडे आले, त्याला नाही. मी गाडीखाली होते. पहिल्यांदा धावत आली ती धानवाली बाई. "दिसत नाही का तुमाले? सारे धान नास केले माहे!" असं ओरडतच आली, आणि मग माझा पाय बघून धान विसरली. तिनेच टपरीवरच्या माणसांना हाक मारली. नवरा गाडीचा आरसा बघत होता. मी हे उगीच म्हणत नाही. माझ्या वरून गाडी उचलली तेव्हा त्याने पहिल्यांदा तिचा डावा आरसा हाताने सरळ करून पाहिला.

डाव्या गुडघ्याखालचं हाड तडकलं होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मी सांगितलं. ते म्हणाले, हाड जुळेल, पण गुडघा पूर्वीएवढा जोर लावेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मला रडू आलं ते दुखण्याने नव्हे. नवरा बाजूला उभा होता. म्हणाला, "पाह्य, मी सांगितलं होतं तुले झुक म्हून."

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की माझी मलाच भीती वाटली. अजूनही तो राग तसाच आहे, कुठेही झिजलेला नाही.

मग भेटायला लोक यायला लागले. मी खोलीत पलंगावर, पाय उशीवर. पाहुणे खुर्चीत. आणि नवरा मध्ये उभा राहून समजावून सांगतोय. चादरीवर बोटाने वळण काढून दाखवायचा. गाडी अशी येत होती, मी असा आत होतो, पोझिशन एकदम बरोबर होती, पण हिने वजन उलटं टाकलं. "मागचा माणूस उलटा झुकला तं मग कोणाच्या बापाच्यानं गाडी वळत नाही." पाहुणे माना डोलवायचे. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, सवय नसते ना. सासूबाई चहा आणून द्यायच्या आणि एका बाजूने बसण्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. मला एकच वाक्य ऐकायचं होतं, त्या दोघांपैकी कोणाच्याही तोंडून. तुला तसं बसवलं ते आमचं चुकलं. बस. तेवढ्यासाठी मी दाराकडे कान लावून असायचे. ते वाक्य त्या घरात कोणाला येतच नव्हतं.

आणि व्हिडिओ. हेल्मेटचा कॅमेरा चालूच होता. तो पाहुण्यांना मोबाइलवर दाखवायचा. त्यात मी कुठेच नाही, नुसता रस्ता, हँडल, पाणी, मग सगळं फिरतं, आणि माझं ओरडणं. माझं ओरडणं तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. "इथी पाहा, इथी हिनं वजन टाकलं. हँडल कसा तिकडे गेला!"

एके दिवशी साक्षगंधाच्या घरचेच लोक आले होते. खोली भरलेली. त्याने मोबाइल काढला. मी म्हटलं, मलाही दाखवा, मी अजून पाहिला नाही. त्याला बरं वाटलं असावं. मोबाइल माझ्या हातात दिला. मी पाहिला, पुन्हा पाहिला, आणि वळण लागतं तिथे बोट ठेवून थांबवला.

चित्रात टपरी होती. मधोमध. टपरीवरची माणसं, एकाच्या हातात कप, एक जण आमच्याकडे बघून हसतोय. रस्ता उजवीकडे पार कोपऱ्यात, अर्धा कापलेला.

"क्यामेरा हेल्मेटले होता ना?" मी म्हटलं. "म्हंजे मुंडी जिकडे, चित्र तिकडे. मंग मुंडी पाहा आपली. रस्ता तिकडे वळून राहिला आन् तुमी टपरीकडे पाहून राहिले. जिकडे पाहाल तिकडे गाडी जाते, हे तुमीच मले शिकवलं. तुमी लोकाइले गुडघा दाखवत होते."

मोबाइल हातोहात फिरला. प्रत्येकाने टपरी पाहिली. मामेबहिणीचे वडील खाकरले आणि म्हणाले, चहा झकास होता. नवऱ्याचं तोंड उतरलं. मला त्याची कणभरही दया आली नाही, उलट फार दिवसांनी भूक लागली. त्यानंतर त्याने तो व्हिडिओ कोणाला दाखवला नाही. पण चुकलं म्हणाला नाही. पुढचे पाहुणे आले तेव्हा म्हणाला, धान होते रस्त्यावर. म्हणजे आता दोष माझा नाही, त्या बाईच्या धानाचा.

प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झाला होता. फिजिओथेरपीवाल्याने सांगितलेले व्यायाम केले, लंगडत चालायला लागले, आणि एका सकाळी खड्ड्यात उतरून फळीवर बसले. अर्धा विणून राहिलेला ताणा तसाच चढलेला होता. उजवी पावडी दाबली, धागे फाकले, धोटा गेला. डावी दाबली. गुडघा जागेवरच थरथरला, फट बोटभरही उघडली नाही. धोटा मध्येच अडला. धागा तुटला. गाठ मारली, पुन्हा दाबली, पुन्हा तुटला. दुपारपर्यंत जेवढं विणलं त्यापेक्षा गाठी जास्त. हे असंच राहिलं तर माझं काय, हा प्रश्न मी स्वतःलाही मोठ्याने विचारत नव्हते. मग तोंडावर पदर घेऊन तिथेच बसून रडले.

नवरा जेवायला घरी आला होता. खड्ड्याच्या काठाशी उभा राहून तो बघत होता, कधीपासून ते मला माहीत नाही. जन्मात कधी तो त्या खड्ड्यात उतरला नव्हता. त्याच्या बापाने बोलावलं तेव्हाही नाही.

"गुडघ्यानं दाबून राहिली तू," तो वरून म्हणाला. "गुडघ्यात जोर नाही तं गुडघा ढिला सोड. डाव्या अंगानं अर्धी फळीच्या बाहीर सरक. वजन कंबरातून टाक, चवड्यावर. टाचेवर नोको."

मी वर पाहिलं. वाटलं, धोटा फेकून मारावा. माझा पाय मोडून वर मला बसायचं शिकवतोय, माझ्या मागावर. मी म्हटलं, "दुकानात जा."

"मी सांगून राहिलो ते पाह्य तं करून—"

"दुकानात जा म्हटलं ना!"

तो गेला. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी हात लावला नाही. मग डावीकडे सरकले. अर्धी फळीवर, अर्धी अधांतरी. गुडघा सोडून दिला, चवडा पावडीवर ठेवला आणि कंबरेतून भार टाकला. धागे फाकले. पुरे फाकले. धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कुठेही न अडता. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा गेला. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत विणलं आणि एकही गाठ मारली नाही. इतका आनंद आणि इतका संताप एकाच वेळी मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

रात्री ताट वाढताना त्याने विचारलं, "जमलं काय?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हापासून मी तशीच विणते. साड्या पूर्वीसारख्या उतरतात, गिऱ्हाईक पूर्वीसारखं येतं. त्याला वाटतं पाय आपोआप बरा झाला. दारात त्याच्या बुटांचा आवाज आला की मी फळीवर सरळ बसते, गुडघ्यानेच पावडी दाबते, आणि तो आत जाईपर्यंत तशीच दाबत राहते. तेवढ्यात एखादा धागा तुटतो. तुटू दे.